मामाने पत्करलेली थरथर

काही आठवड्यांपूर्वी सकाळी ओतूरहून इंदूमामीचा फोन आला. "सुमे, तुझं मामा गेलं गं. झोपेतच..." एवढंच बोलून तिने फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. रडू आलंच. पण रडता रडता मनावरचा भारही उतरला. बबनमामा जाताना आमचा मामा म्हणूनच गेला. मधली काही वर्षं तो आमचा राहिला नव्हता, आणि तेव्हाच गेला असता तर आम्ही सगळ्यांनी त्याच्याबद्दल भलतंच काही धरून ठेवलं असतं.

नव्वद सालानंतरच्या उन्हाळ्यांत मी सुट्टीला मामाकडे जायचे, तेव्हा घरामागच्या बराखीत कांदा साठवलेला असायचा. कांदा आत्ता विकावा की थांबावं, हे विचारायला माणसं मामाकडे येत. तो लगेच उत्तर देत नसे. दोन बाजार बघून यायचा, कांदा हातात घेऊन दाबून पाहायचा. "घाई कशाला राव, कांदा काय पळून जातोय व्हय?" एका वर्षी थांबून तो चांगलाच फसला, सगळा माल मातीमोल भावाने गेला. चार दिवस कुणाशी बोलला नाही. पुढच्या वर्षी मात्र निम्मा माल आधीच काढून मोकळा झाला. फटका बसला की मामा त्यातून शिकायचा.

पुढे त्याचा उजवा हात थरथरायला लागला. शर्टाचं बटण लागेना, चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. मी लग्न होऊन पुण्यात आले होते, म्हणून मामी त्याला माझ्याकडे घेऊन आली. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या सुरू केल्या, हळूहळू वाढवल्या. मामाला गुण आला. स्वतःच्या हाताने सगळी बटणं लावून तो अंगणात उभा राहिला, त्या दिवशी मामीने शेजारीपाजारी साखर वाटली.

त्यानंतर कधीतरी मामा रोज आळेफाट्याला जायला लागला. दुपारी जीप धरायची, अंधार पडता पडता परत. कुणी म्हणालं, हॉटेलात बसतो. कुणी आणखी काही म्हणालं. शेवटी माझ्या मामेभावाने, विलासने पाहिलं... फाट्यावरच्या लॉटरीच्या दुकानात, कम्प्युटरच्या पडद्यावर डोळे लावून त्याचा बाप उभा होता. मामीला खरं वाटेना. जन्मात पत्त्यांना हात न लावलेला माणूस! परत फाट्यावर जाणार नाही अशी मामाने शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा जीपमध्ये बसला. मग एकदा मामी माहेरी कळंबला गेलेली असताना बराखीतला सगळा कांदा त्याने कुणाला न विचारता, मिळेल त्या भावाला देऊन टाकला. मामी परत आली आणि रिकाम्या बराखीच्या दारात बसून राहिली. विलासने बापाशी बोलणं टाकलं. सल्ला विचारायला येणारी माणसं आता मामा दिसला की विषय बदलायची.

मी मुद्दाम ओतूरला गेले. "मामा, एवढं काय मिळवायचंय तुला?" तो चपलेशी चाळा करायला लागला. मग म्हणाला, "मिळायचं काय न्हाई गं. नंबर फिराय लागला ना, तवा छातीत जे व्हतं... तेवढंच. आन हरलो तर हरल्यागत वाटतच न्हाई. पयलं फटका बसायचा. आता बसतच न्हाई." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो खोटं बोलत नव्हता, पण आम्हाला काही उमगत नव्हतं.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी स्वतःहूनच विचारलं, "अलीकडे काही सवयी बदलल्यात का? खाणं, खरेदी, जुगार?" मामी खाली बघून हुंदके द्यायला लागली. "मी सांगतो," मामा म्हणाला, आणि काही न लपवता त्याने सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मेंदूत एक द्रव्य असतं. ते कमी पडलं की हातपाय थरथरतात. त्याच द्रव्याचं दुसरंही काम असतं. अपेक्षेपेक्षा चांगलं घडलं की ते उसळतं आणि मेंदूला सांगतं, हे पुन्हा कर. अपेक्षा फसली की ते ओसरतं, आणि मेंदू शिकतो, इथे परत यायचं नाही. मामाची गोळी त्या द्रव्याचंच काम करत होती, पण ती ओसरत नव्हती. म्हणून हरल्याचा धडा आत पोचतच नव्हता. "सगळ्यांना होत नाही असं, काहींना होतं," ते म्हणाले.

"म्हंजी... ह्यांचा सोभाव नाय बिघडला?" मामीने विचारलं. डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली, तशी पदर तोंडाला लावून ती मोठ्याने रडली. इतक्या दिवसांनी ती मोकळं रडत होती.

"गोळी कमी करता येईल," डॉक्टर म्हणाले, "पण थरथर परत येईल. घरी जाऊन विचार करा." मामाने गोळ्यांची पट्टी हातात घेऊन दाबून पाहिली. कांदा दाबून पाहायचा तशीच. मग म्हणाला, "थरथर चालंल. हात धरायला मानसं हायेत. मन कोन धरनार?"

गोळी हळूहळू कमी केली, जोडीला दुसरी दिली. हात पुन्हा हलायला लागला आणि ओढ सुटली. विलास एका संध्याकाळी बापाशेजारी येऊन बसला, त्याच्या शर्टाची बटणं काढून दिली. मला ओतूरहून पुढे नाशिकची गाडी पकडायची होती म्हणून एकदा मामा माझ्याबरोबर फाट्यावर आला. लॉटरीच्या दुकानासमोर थांबला. पडद्यावर नंबर फिरत होते, माणसं माना उंचावून बघत होती. मी त्याचा हात धरला. मामा थोडा वेळ बघत राहिला आणि हसला. "काय न्हाई वाटत गं सुमे... कायबी न्हाई." मग म्हणाला, "चल, भजी खाऊ." त्यानंतर तो बरीच वर्षं जगला. माणसं पुन्हा कांद्याचं विचारायला यायला लागली.

दिवसकार्यानंतर ओतूरला गेले तेव्हा मामीने चहा केला. सांडू नये म्हणून ती मामाला कप अर्धाच भरून द्यायची, संपला की पुन्हा अर्धा. आमच्या सगळ्यांपुढे तिने अर्धे भरलेले कप ठेवले. तिच्या ते लक्षातही आलं नाही. विलासने कप रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.