सहाशे पट्टे आणि माझी सही

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत मी कामाला लागले तेव्हा आमच्या कारखान्यात शाळेची दप्तरं, ट्रेकिंगच्या पिशव्या आणि ट्रकवर माल आवळायचे पट्टे शिवत असत. शिरगावच्या खाणी बंद पडल्या होत्या आणि नवऱ्याचा खनिज वाहायचा टिपर ट्रक आमोण्याला घराच्या अंगणात उभा होता. त्याच्या चाकांभोवती गवत वाढलं, तेव्हा मी सकाळची बस धरायला सुरुवात केली. दोन वर्षं मशीनवर बसले. मग मला चेकिंगच्या टेबलावर घेतलं. शिवलेला माल आधी माझ्या हाताखालून जायचा, मी कार्डावर सही करायची, आणि मगच तो पॅकिंगला जायचा.

ब्रिटनच्या लष्करासाठी काम येणार असं कळलं तेव्हा कारखान्यात आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. काम थेट लष्कराकडून नव्हतं. इंग्लंडमधली एक कंपनी त्यांना जखमी माणसं वाहून न्यायची स्ट्रेचर पुरवायची. जुनं स्ट्रेचर जड होतं, दांड्यांचं होतं, गाडीतून उतरवून डोंगरावर न्यायला अवघड. त्याच्या जागी घडी घालून पाठीवर टाकता येईल असं कापडी स्ट्रेचर आणायचं ठरलं होतं. त्याचे उचलायचे पट्टे आमच्याकडे शिवून घ्यायचे. माझे सासरे अंगणातल्या कदेलीवर, त्यांच्या जुन्या खुर्चीवर, बसून म्हणाले, "पोर्तुगीज बघितले, इंग्रज काय आमच्या वाट्याला आले नाहीत. आता पट्ट्याच्या निमित्ताने आले म्हणायचे."

त्या कंपनीचा तपासनीस पहिल्यांदा आला तो नमुना पक्का करायला. लष्करातून निवृत्त झालेला उंच माणूस, चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला. त्याने आमच्या चार पट्ट्यांतून एक निवडला, त्याला लाखेसारखं सील लावलं आणि तो आमच्या मॅनेजरच्या हातात दिला. इथून पुढे जो पट्टा या नमुन्यासारखा नसेल तो आमचा नाही, असं त्याने सांगितलं. कापड तेच, दोरा तोच, इंचाला टाके तेवढेच. कागदावर माझी सही नमुना म्हणून घेतली आणि ती इंग्लंडला गेली. कार्डावर तीच सही लागणार होती, दुसऱ्या कुणाची चालणार नव्हती. तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

नमुन्याच्या पट्ट्यांवर स्ट्रेचर बांधून त्यात तांदळाची पोती टाकली आणि उचलून बघितलं. सगळं ठीक होतं. मी मॅनेजरना म्हटलं, "सर, पोतं हलत नाही. माणूस हलतो. कुणाला तरी झोपवून बघू या."

"कुणाला झोपवणार?"

"मीच झोपते."

मी आडवी पडले. मशीनवरच्या चार बायकांनी पट्टे हातात घेतले आणि मला उचललं. त्यांतली एक दोडामार्गची, माझी रोजची डबा वाटून खाणारी मैत्रीण. तिने डोक्याकडची डावी बाजू धरली होती. अंगण ओलांडून गेटपर्यंत नेलं आणि परत आणलं. वर पत्र्याची कड आणि आभाळ एवढंच दिसत होतं. आपले हातपाय आपले राहत नाहीत त्यात. कोण कसं धरतंय हे दिसत नाही, फक्त प्रत्येक पावलाला अंग झोल खातं आणि कानाजवळ पट्टा करकरतो. मी हसत होते, बाकीच्याही हसत होत्या. पण गेटजवळ वळताना डावी बाजू एकदम खाली गेली. मैत्रिणीची पकड सुटली होती. मुठीत येणारा भाग इतका रुंद होता की तिची बोटं तळव्याला पोचतच नव्हती.

उतरल्यावर मी तपासनिसाला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, ही मूठ मोठी आहे. तो अदबीने म्हणाला की वापरणाऱ्यांकडून चाचणी झालेली आहे. मी विचारलं, "तुमच्या सैन्यात बायका आहेत?"

"आहेत."

"चाचणीला त्यांनी उचललं होतं?"

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, हातातली फाईल चाळली आणि ते पाहून सांगतो म्हणाला. मॅनेजरनी त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. आलेल्या पाहुण्याला असे प्रश्न विचारायचे नसतात, हे त्यांनी दुसऱ्या कुणाकरवी मला कळवलं.

काम सुरू झालं. पहिले चारशे पट्टे गेले. पुढच्या सहाशेंच्या वेळी बाहेरून येणारा दोरा बंदरात अडकला. एके सकाळी मशीनवर दोऱ्याचे नवे कोन दिसले. रंग तोच, मातकट हिरवा. जाडीही तीच. पण बोटांत घेतल्यावर मला तो मऊ वाटला. मी हातभर दोरा तोडला, कँटीनमध्ये गेले आणि गॅसच्या ज्योतीवर धरला. आमच्या नेहमीच्या नायलॉनच्या दोऱ्याचा वितळून टोकाला टणक मणी होतो. हा कागदासारखा जळला आणि मागे राख उरली. सुती होता.

मॅनेजर घाटावरचे. माणूस वाईट नव्हता, पण माल द्यायच्या तारखेला घाबरायचा. ते म्हणाले, "ताई, ताणाच्या मशीनवर पास झालाय. तुमच्यासमोर लावून दाखवतो." त्यांनी लावून दाखवला. खरोखर पास झाला.

"आज पास झाला, सर. हे स्ट्रेचर ओलं होणार. घडी घालून ओलंच ठेवणार. सूत कुजतं."

"ते इंग्लंडमध्ये आहे. तिकडे ते नीट ठेवतात. तुम्ही कार्डावर सह्या करा."

"हा सीलच्या नमुन्याचा दोरा नाही. मी सही करणार नाही."

त्यांनी पेन माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि निघून गेले. मी ते पेन उचलून त्यांच्या केबिनमध्ये नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभर ते पेन असं जात-येत राहिलं. सहाशे पट्टे भिंतीशी रचून ठेवलेले, वरची कार्डं कोरी. सगळ्यांना दिसत होतं की माल कशामुळे अडलाय.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "त्या गोऱ्यांचें तुका कितें पडलां? आपलं सैन्य असतं तर गोष्ट वेगळी." मी म्हटलं, गोऱ्यांचं काही पडलेलं नाही. त्यांनी कुठे लढावं आणि का लढावं, हे मला कुणी विचारलेलं नाही, विचारलं असतं तर माझंही मत आहे. पण त्या पट्ट्यावर जो पडणार तो आधीच जखमी असणार. त्याला मी अजून खाली पाडणार नाही. नवऱ्याने जास्त वाद घातला नाही. कामावरून काढलं तर काय, एवढंच त्याने विचारलं.

नुसतं तोंडाने सांगून कुणी ऐकणार नाही, हे मला कळत होतं. आमच्या कँटीनमागे भांडी घासायचा नळ आहे, तिथली माती बारा महिने ओली. मी दोन पट्टे घेतले, एक पहिल्या लॉटमधला, खऱ्या दोऱ्याचा पण मापामुळे नाकारलेला, आणि एक नव्या दोऱ्याचा. दोन्ही त्या मातीत वीतभर खोल पुरले आणि वर फुटकी कौलं ठेवली. कँटीनवालीला सांगितलं, इथे खणू नको. तिने विचारलं, "काय लावलंयस गो? अळू?" मी हो म्हटलं.

तीन आठवड्यांनी तपासनीस येणार होता. येण्याच्या आदल्या दिवशी मैत्रीण माझ्याजवळ येऊन बसली. डबा उघडला नाही. म्हणाली, "गो बाय, उद्या सही करून टाक. ह्यो माल परत फिरलो तर शेठ आमकां घरी बसवतलो. तुझ्या खरेपणान आमची चूल पेटणा नाय." ती रागाने बोलली नाही, म्हणून जास्त लागलं. तिच्या घरी तिच्याशिवाय कमावणारं कुणी नव्हतं आणि माझा नवरा निदान साखळी गावात अधूनमधून गाडी चालवायला जाऊ लागला होता. मी तिला एवढंच म्हटलं, "मला गेटपर्यंत तूच नेलंस. डोकं तुझ्याकडे होतं." ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पट्टे उकरून काढले, नळाखाली धुतले आणि बघितलं. मग कागदात गुंडाळून टेबलाखाली ठेवले.

तपासनीस आला. मॅनेजरनी त्याला चहा दिला, ताणाच्या मशीनचे कागद दाखवले. त्याने कोरी कार्डं बघितली आणि सही का नाही असं विचारलं. मॅनेजर इंग्रजीत म्हणाले की बाई आजारी होत्या, आज करतील. एवढं इंग्रजी मला येतं. मी टेबलामागून पुढे आले आणि म्हटलं, "मी आजारी नव्हते. दोरा वेगळा आहे."

मॅनेजर माझ्याकडे वळून मराठीत हळू आवाजात म्हणाले, "ताई, विचार करा."

"तीन आठवडे केलाय, सर."

मी कागद उघडला. आधी चांगला पट्टा त्याच्या हातात दिला. त्याने दोन्ही हातांनी ओढला, टाके जागच्या जागी होते. मग दुसरा दिला. तो त्याने ओढला आणि मुठीची शिवण नुसत्या हाताने उसवत गेली, जुनी उशी उसवावी तशी. कापड धडधाकट, दोऱ्याचे तेवढे काळपट तुकडे टेबलावर पडले. सगळी मशीनं थांबली होती. त्याने एक तुकडा बोटांत चुरडून बघितला. मग त्याने विचारलं, कुठे ठेवले होते. मी त्याला कँटीनमागे नेऊन तो खड्डा दाखवला. कँटीनवाली भांडं हातात घेऊन बघत राहिली.

परत येताना त्याने मला विचारलं, हे करायला कुणी सांगितलं. मी म्हटलं, कुणी नाही. त्यावर त्याने मान हलवली. आभार वगैरे मानले नाहीत, आणि मला ते बरं वाटलं.

सहाशे पट्टे परत फिरले नाहीत. त्यांची एकूण एक शिवण उसवून, खरा दोरा आल्यावर पुन्हा शिवायची आणि मगच कार्डांवर माझी सही घ्यायची, असं ठरलं. उसवायला बारा दिवस लागले. आम्ही सगळ्याजणी जमिनीवर बसून छोट्या कात्र्यांनी टाके कापत होतो, बोटांना फोड आले, आणि माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. मैत्रीण माझ्याकडे पाठ करून बसायची. मॅनेजरनी मला चेकिंगवरून काढून पॅकिंगला टाकलं. खोकी चिकटवायचं काम. मी चिकटवली. आपण चुकलो असं मला त्या बारा दिवसांत एकदाही वाटलं नाही. एकटं मात्र रोज वाटलं, हे कबूल करायला हवं.

मग काही महिन्यांनी इंग्लंडहून एक खोकं आलं. त्यात नवा सील केलेला नमुना होता. पट्टा तोच, पण मुठीची रुंदी कमी केलेली. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की वापरणाऱ्यांच्या फेरचाचणीनंतर बदल केला आहे. आमचं कुणाचं नाव त्यात नव्हतं. मॅनेजरनी तो पट्टा पॅकिंगमध्ये आणून माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "चेकिंगला परत या. त्यांना कार्डावर तुमचीच सही पाहिजे."

"येते. पण दोऱ्याच्या स्टोअरची किल्ली माझ्याकडे राहील."

"तसं होत नाही."

"मग खोकी चिकटवते."

दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी किल्ली माझ्या टेबलावर ठेवलेली होती. शेजारी मैत्रीण उभी होती. तिने नव्या नमुन्याची मूठ हातात घेतली, बोटं मिटली, आणि ती तळव्याला टेकली. "आता धरूक येता," एवढंच ती म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. जेवणाच्या सुट्टीत तिने डबा माझ्याकडे सरकवला, सुंगटाची किसमूर होती, सुक्या कोलंबीची कोशिंबीर.

त्या पट्ट्यांचं काम अजून चालू आहे. ते कुठे जातात, त्यांवर कोण पडतं, हे आम्हाला कधी कळत नाही आणि कळणारही नाही. गावात कुणी विचारतं, परक्यांच्या सैन्यासाठी एवढी भांडलीस, तुला काय मिळालं. मी उत्तर द्यायचं सोडलंय. गेल्या आठवड्यात पिशव्यांच्या बकलांचा नवा लॉट आला. त्यांतली अकरा मी परत पाठवली. मॅनेजरनी कारण विचारलं. लिहून ठेवलंय, वाचा, म्हटलं.