दोनशे बारावं पान

नाना कोर्टात बोलताना पुस्तकावर हात ठेवत. झोपलेल्या बाळाच्या पाठीवर ठेवावा तसा, अगदी हलका. ज्या निवाड्याचा आधार घ्यायचा तो ग्रंथ उघडून, त्या पानावर तळवा टेकवूनच ते उभे राहत. "हात लावला नाही ते न्यायाधीशांना सांगायचं नाही," एवढंच त्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं.

धुळ्यात त्यांच्याकडे ज्युनिअर वकील म्हणून लागले, तेव्हा मी जवळजवळ गप्पच असे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी अडखळायचं, आणि अडखळण्यापेक्षा गप्प बसणं बरं वाटायचं. नानांनी त्यावरून कधी चिडवलं नाही. पक्षकारांना मात्र कौतुकाने सांगत, "ही बोलत नाही, पण इंग्रजीतलं सगळं वाचून ठेवते." तो विश्वास मला मापापेक्षा मोठ्या काळ्या कोटासारखा वाटायचा.

देवपूरच्या एक अक्का आमच्याकडे आल्या. नवरा गेल्यावर पुतण्याने त्यांचं राहतं घर विकायला काढलं होतं. विक्रीवर मनाई हुकूम हवा होता. "पोरी, मन्हं घर ऱ्हाई ना?" असं त्या दरवेळी नानांना सोडून मलाच अहिराणीत विचारत.

लेखी युक्तिवाद मी लिहिला. खरं तर मोबाइलमधल्या एआयकडून लिहून घेतला. त्याने एक जुना निवाडा दिला. पक्षकारांची नावं, वर्ष, पान दोनशे बारा. त्यातलं एक वाक्य मी दिवसभर मनात घोळवलं: ज्या घरात बाई म्हातारी झाली, त्या घराच्या भिंती तिच्या बाजूने साक्ष देतात. निवृत्तीला आलेल्या कुणा न्यायाधीशाने खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघत ते लिहिलं असेल, असं चित्रही मी रंगवलं. हात मात्र लावला नाही. नानांनी माझ्या भरवशावर सही केली.

न्यायाधीशांनी शुक्रवारपर्यंत त्या निवाड्याची प्रत आणायला सांगितली. मी शोधला, कुठेच नव्हता. नानांना एवढंच म्हणाले, "ऑनलाइन सापडत नाहीये."

"जुनं सगळं त्यात कुठे असतं? कागदात असेल," म्हणत ते ग्रंथांच्या कपाटापुढे स्टुलावर चढले. वर्ष चुकलं असेल म्हणून आधीचे खंड, मग नंतरचे. प्रत्येकात दोनशे बारावं पान काढायचं, वाचायचं, आणि तेच पुन्हा बघायला नको म्हणून वर्तमानपत्राची चिठ्ठी घालून ठेवायची. दोन दुपारी त्यांचं हे चाललं होतं. उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगत होती आणि मी स्टूल धरून उभी होते. मला केव्हाच कळून चुकलं होतं. तोंड उघडत नव्हतं.

गुरुवारी ते म्हणाले, जळगावच्या मित्राकडे मोठा संग्रह आहे, जाऊन येऊ. एसटीत पारोळा यायच्या आतच त्यांना डुलकी लागली. कपाशीची शेतं मागे सरकत होती, आणि ही बस कधीच पोचू नये असं मला वाटत होतं. एरंडोलला त्यांना जाग आली. पिशवीतून केळं काढून त्यांनी आधी मला दिलं. ते तसंच हातात धरून मी म्हणाले, "नाना, तो निवाडा नाहीच. एआयने रचलाय."

त्यांनी पिशवीचं तोंड बांधून ती मांडीवर घेतली.

"वाक्य चांगलं होतं," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "उद्या तू उभी राहा. मी शेजारी आहे."

आम्ही तिथेच उतरून परतीची बस धरली.

शुक्रवारी मी कोर्टात पहिल्यांदा बोलले. असा निवाडा नाही, मी न तपासता दिला, मागे घेते. न्यायाधीशांनी नानांकडे पाहिलं. "सही माझी आहे," नाना म्हणाले. त्यांच्या साऱ्या वकिलीत त्यांच्यावर ताशेरे ओढले गेले ते त्या दिवशीच. ते त्यांनी मान खाली घालून ऐकले. मग न्यायाधीशांनी विचारलं, अक्कांकडे खरं काय आहे? नानांनी रेशनकार्ड, नवऱ्याच्या हयातीतला खरेदीखताचा कागद, जुनी वीजबिलं माझ्यापुढे सरकवली. मी नकळत त्यांवर तळवा टेकवला आणि एकेक कागद सांगत गेले.

मनाई हुकूम मिळाला. पायऱ्या उतरताना अक्का म्हणाल्या, "नाना, तुम्हनी पोर बोलस ना ओ."

नाना गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांचे ग्रंथ माझ्याकडे आले. मी अजून एआयला विचारते, पण मूळ निवाडा डोळ्यांनी वाचल्याशिवाय कोर्टात पाऊल ठेवत नाही. परवा धूळ झटकताना एक खंड हातात उघडला. दोनशे बाराव्या पानावर पिवळी पडलेली चिठ्ठी. पुढच्या खंडात तशीच. त्याच्या पुढच्यातही.

मी त्या काढलेल्या नाहीत.