पाळण्यातली बाटली

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत विद्यापीठातली आमची प्रयोगशाळा दुरुस्तीसाठी महिनाभर बंद झाली. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी मला परीक्षानळ्या, पांढऱ्या भुकटीचा डबा, सोऱ्याची पुडी, दोन छोट्या ड्रॉपरच्या बाटल्या आणि कापसाचं बूच लावलेली एक नळी दिली. नळीत जंतू होते, अगदी निरुपद्रवी, प्रयोगशाळेत वाढवलेले.

"घरी कर," बाई म्हणाल्या. "तुमच्या चौक गावाकडे मे महिन्यात यांना ऊब द्यायला यंत्र लागणार नाही."

प्रश्न असा होता. हवा असते तोवर हे जंतू आपल्यासारखेच प्राणवायूवर जगतात. हवा संपली की मरत मात्र नाहीत. आसपास सोरा, म्हणजे नायट्रेटचा क्षार, असला तर त्यातला प्राणवायू काढून त्यावर दिवस काढतात. हे काम करणारं एक एन्झाइम त्यांच्यात असतं. बाईंना हवं होतं ते एवढंच उत्तर, की हे एन्झाइम आधीपासून तयार पडलेलं असतं, की हवा संपली हे कळल्यावर जंतू त्याचं जनुक जागं करून ते नव्याने बनवतात?

शोध कुणीतरी कधीच लावलेला होता. पण बाईंचं म्हणणं, पुस्तकातलं उत्तर हाताने काढून बघितल्याशिवाय आपलं होत नाही.

आमचं घर चौकच्या अलीकडच्या एका गावात. घरी आई, वडील, भाऊ, वहिनी आणि वहिनीची पाच महिन्यांची मुलगी. वडील भातशेती करायचे आणि मे महिन्यात बांध घालत असायचे. पहिला तंटा कुकरवरून झाला. भुकटी पाण्यात कालवून जंतूंचं खाणं तयार करायचं आणि ते कुकरमध्ये उकळून घ्यायचं, म्हणजे बाहेरचे जंतू त्यात उरत नाहीत.

"माज्या कुकरात जंतू शिजवायचे नाय," आईने सांगून टाकलं.

"शिजवायचे नाहीत गं, मारायचेत. तुझा कुकर उलट अधिकच स्वच्छ होईल."

आईने विचार केला आणि कुकर दिला. वर "भाताच्या आदी धुवून ठेव" असंही बजावलं.

खरी अडचण दुसरीच होती. जंतूंना आधी भरपूर हवेत वाढवायचं, तर बाटली सारखी हलत राहिली पाहिजे. विद्यापीठात त्यासाठी मशीन होतं. इथे मी अर्धा तास हाताने हलवली आणि खांदा भरून आला. वहिनी पलीकडे झोळीत मुलीला झोका देत होती. ती म्हणाली, "वन्सं, बाळ आता निजलंय. मी खाली चटईवर ठेवते तिला. तुमी तुमचं बाळ घाला हितं."

मी चपटी बाटली आडवी करून झोळीत ठेवली. खाण्यात थोडा सोरा घातला होता आणि जंतूंचे दोन थेंब. वहिनी झोळीची दोरी ओढत भाजी निवडत बसली. शेजारची काकू मुलीला बघायला आली. झोळीत डोकावली, दचकली आणि आमच्याकडे बघत राहिली. वहिनी गंभीरपणे म्हणाली, "वन्संचं हाय. बापावर गेलंय." काकू पदर तोंडात धरून हसत सुटली.

पण पहिला दिवस वाया गेला. जंतूंनी सोऱ्याला हात लावला की पाण्यात जे उरतं, ते ड्रॉपरमधल्या दोन रसायनांचे थेंब टाकल्यावर लाल होतं. झोळीतल्या बाटलीत भरपूर हवा, तेव्हा तिथे रंग यायला नको होता. मी दुपारी एक चमचा काढून थेंब टाकले, तर लालभडक! मी रडकुंडीला आले. मग लक्षात आलं, की मी बाटली अर्ध्याहून जास्त भरली होती. शिवाय वहिनी जेवायला उठली तेव्हा झोका थांबला होता. खालच्या जंतूंची हवा तेवढ्यात संपली होती. दोष त्यांचा नव्हता, माझा होता.

दुसऱ्या दिवशी बाटलीत दोनच बोटं खाणं घातलं. झोका एक क्षणही थांबवायचा नाही असं ठरलं. मग आई, वहिनी आणि शेजारची काकू पाळीपाळीने बसल्या. मी मात्र चौकच्या औषधांच्या दुकानात गेले, कारण दोन वस्तू हव्या होत्या. एक लिक्विड पॅराफिन. नळीत वरून त्याचा थर दिला की खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. दुसरी टायफॉइडच्या कॅप्सूल. हे औषध जंतूंना नवीन एन्झाइम बनवूच देत नाही. जुनं असेल ते मात्र काम करत राहतं.

दुकान एका कोकणी मुसलमान गृहस्थांचं होतं. त्यांना सगळा गाव चाचा म्हणायचा.

"टायफॉइड कोनाला झालाय?" त्यांनी काळजीने विचारलं. "डाक्टरची चिठ्ठी?"

"घरात कुणाला नाही, चाचा. जंतूंना द्यायचंय."

चाचांनी चष्मा वर केला. "बरोबर हाय. औषध त्यांच्यासाठीच तर असतं." पण एकच कॅप्सूल दिली, आणि तीही "संध्याकाळी मी येऊन बघनार" या अटीवर.

मी परत आले तोवर झोळीतलं पाणी जेमतेम धुरकट झालं होतं. एक चमचा काढून थेंब टाकले. रंग नाही! घरभर टाळ्या पडल्या. कशासाठी हे आईला ठाऊक नव्हतं, पण तिनेही वाजवल्या.

मग मी तीन नळ्या भरल्या. पहिलीत नुसतं ते धुरकट पाणी आणि वर पॅराफिनचा थर. दुसरीत आधी औषध आणि मग थर. तिसरीला आधी थर देऊन ठेवला, आणि मधूनमधून थोडं पाणी काढून थेंब टाकल्यावर किंचित गुलाबी छटा येऊ लागली तेव्हा नळीत औषध घातलं. नळ्या ओटीवर उभ्या केल्या आणि आम्ही वाट बघत बसलो.

चाचा सायकलवरून ऊन कलताना आले. वडीलही शेतावरून आले होते. त्या दोघांच्या देखत मी प्रत्येक नळीतून थोडं पाणी काढून थेंब टाकले. पहिली लाल झाली. दुसरी पाण्यासारखी बिनरंगी राहिली. तिसरी पहिलीइतकी नाही, पण स्पष्ट लाल, मघाच्या गुलाबीपेक्षा कितीतरी गडद.

"दुसरीत काय बिघडलं?" वडिलांनी विचारलं.

"काहीच नाही, बाबा! हवा संपली हे कळल्यावर त्यांना एन्झाइम बनवायचं होतं. औषधाने बनवू दिलं नाही. तिसरीत बनवून झाल्यावर औषध आलं, म्हणून काम चालू राहिलं. म्हणजे आधीपासून काही पडलेलं नव्हतं. गरज लागली तेव्हाच बनवलं."

मी बोलता बोलता उभी राहिले होते. इतका आनंद मला कुठल्याही परीक्षेच्या निकालाने दिला नव्हता. चाचा दुसरी नळी उजेडाकडे धरून म्हणाले, "माझं औषध खरं हाय, हेबी सिद्ध झालं."

वडील मात्र उठून न्हाणीकडे गेले. हातपाय धुऊन आले आणि म्हणाले, "आता त्यांना वारा परत दिला तर? थांबवतील का बनवायचं?"

मला हे सुचलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी पहिल्या नळीतले मोजके थेंब ताज्या खाण्यात टाकून बाटली परत झोळीत घातली. रंग आला नाही. त्यातलं पाणी पॅराफिनखाली ठेवलं, पुन्हा लाल. जंतू मागे फिरत होते आणि पुन्हा पुढे जात होते, हवेप्रमाणे.

जूनमध्ये बाईंना वही दाखवली. त्या पानं उलटत राहिल्या. शेवटच्या पानावर थांबल्या. "हा शेवटचा प्रयोग मी सांगितला नव्हता."

"वडिलांनी विचारलं होतं."

"काय करतात ते?"

"भात लावतात."

"मग मला त्यांना भेटायचंय," बाई म्हणाल्या.

लावणी उरकल्यावर त्या खरंच आल्या. जेवणं झाली आणि वडील त्यांना बांधावर घेऊन गेले. पाण्याखालच्या चिखलात त्यांनी काठी खुपसली, तसे बुडबुडे वर आले. "दरसाल बगतो," वडील म्हणाले. "खालचा चिखुल काळा पडतो, वास मारतो. तितं वारा नसनार. तितंबी हेच चालत आसंल ना?"

"हेच आणि आणखीही बरंच," बाई म्हणाल्या, आणि चपला बांधावर काढून, साडी खोचून सरळ खाचरात उतरल्या. गुडघाभर चिखलात उभं राहून त्यांनी ओंजळभर काळा गाळ वर काढला आणि माझ्याकडे बघून हसल्या. मी रिकामी बाटली घेऊन त्यांच्या मागोमाग पाण्यात उतरले.