पोस्टकार्डावरचा सौदा

कंपनीने मला तीनशे पाकिटं पाठवली तेव्हा मला वाटलं, आपलं काम झालं. पाकीट पांढरंशुभ्र, आत चार पानी गुळगुळीत माहितीपत्रक, त्यावर कुठल्यातरी हिरव्यागार बागेचा फोटो. पत्ते मी लिहिले, तिकिटं मी लावली. दुकानात कधी ना कधी पाऊल टाकलेल्या प्रत्येकाला बोलावणं होतं, की तेलगावच्या रानात ठिबक सिंचनाचं प्रात्यक्षिक आहे, बघायला या.

त्या दिवशी मंडपात सात माणसं आली. त्यातला एक माझा मेहुणा, एक मंडपवाला आणि दोघं रस्ता चुकलेले.

कंपनीचा साहेब औरंगाबादहून आला होता. त्याने रिकाम्या सतरंज्यांकडे बघितलं आणि जाताना गाडीच्या काचेतून सांगितलं, "पुढच्या महिन्यात पुन्हा घेऊ. पन्नास शेतकरी जमले नाहीत तर एजन्सी दुसऱ्याला द्यावी लागेल. मागणारे आहेत."

ते "मागणारे आहेत" मला झोंबलं. धारूरच्या डोंगरकडेला आमची जमीन, तीत मातीपेक्षा दगड जास्त. तिथून तेलगावला येऊन मी आठ वर्षं लोकांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून दिल्या. तांब्याची तार आणि वॉर्निशचा वास एवढंच माझं भांडवल. मग बाजार खुला झाला, मोठमोठ्या कंपन्या फाट्याफाट्यावर दुकानदार शोधत फिरू लागल्या आणि त्या गर्दीत मी दोन दिवस साहेबाशी घासाघीस करून ही एजन्सी मिळवली. माझ्या नावाची पाटी असलेली ती पहिली गोष्ट. ती गेली असती तर मी पुन्हा तारा गुंडाळायला बसलो असतो.

माझ्या डोक्यात एक युक्ती आली. लग्नाच्या पत्रिकेला चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात. असं पाकीट घरात आलं की कुणी ते न उघडता ठेवत नाही. मी चाळीस पाकिटांना हळदकुंकू लावलं आणि पोस्टात घेऊन गेलो.

आमच्या भागाचे पोस्टमन तेव्हा निवृत्तीला आले होते. सायकलवर रोज तीन गावं आणि एक तांडा करायचे. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणायचो. त्यांनी गठ्ठा हातात घेतला आणि बोटाला लागलेली हळद बघितली.

"लगीन कुणाचं हाय, शेठ?"

"कुणाचं नाही. लोकांनी उघडावं म्हणून लावलंय."

"मग पुसा ते."

"तिकिटं लावलीत मी. तुम्ही पोचवायचं काम करा."

"पोचवीन की. तिकीट हाय म्हटल्यावर पोचवावंच लागंल. पर बाया दारातच इचारत्यात, मामा, कुणाचं लगीन हाय. म्या काय सांगू, पाईपाचं?"

पोस्टातली माणसं हसली. मला हसलेलं सहन होत नाही. मी मामांना नको ते बोललो, त्यांच्या खात्याला बोललो, मागची तीनशे पाकिटं तुम्हीच विहिरीत टाकली असतील असंही बोललो. ते टपालावर शिक्के मारत राहिले. माझा दम संपल्यावर म्हणाले, "झालं का? मग उद्या माझ्यासंगं चला. तुमचं टपाल कुटं गेलं ते बघा."

"न उघडणाऱ्यांची नावं सांगा, म्हणजे मी त्यांनाच जाऊन भेटतो."

"नावं सांगायची न्हाईत. दिसंल ते तुमी बघा."

हळदीची पाकिटं मी परत नेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सायकलीमागे मोपेड हळू चालवता चालवता मी मेटाकुटीला आलो. पण त्या एका दिवसात मी जे शिकलो ते पुढे कंपनीच्या कुठल्याच मीटिंगमध्ये कुणी शिकवलं नाही.

माझी पाकिटं पोचली होती. एका घरी पाकीट दाराशेजारच्या तारेत खोचलेलं होतं, फोडलेलं नव्हतं. शाळेतल्या एका मुलीने भूगोलाच्या पुस्तकाला माझ्या माहितीपत्रकाचं कव्हर घातलं होतं. भजीवाल्याने तर तोंडावर तक्रार केली, "शेठ, तुमच्या कागदाला तेल सुकत न्हाई. साधा कागद धाडीत जा."

आणि मामा. दारात सायकल लावली की ते आधी पाणी मागायचे. प्रत्येक घरी. चौथ्या घरी मी विचारलं, एवढी तहान कशी लागते. ते म्हणाले, वाईट बातमी असली तर वाचायच्या आधी माणसाला खाली बसवावं लागतं, त्यासाठी पाणी मागायचं निमित्त बरं पडतं. पण फक्त तेव्हाच मागितलं तर पाणी म्हटल्याबरोबर लोकांच्या छातीत धस्स होईल. म्हणून रोज, सगळ्यांकडे मागायचं. मी आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून भाव ठरवत आलो, पण आपल्याच चेहऱ्यावरून आणि आवाजावरून काही कळू नये म्हणून इतकी वर्षं घोट घोट पाणी पिणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

तांड्यावर एका म्हातारीला तिच्या माहेरचं पोस्टकार्ड आलं होतं. मामांनी पाणी मागितलं, आधी स्वतःशी वाचलं आणि मग मोठ्याने. म्हैस व्याली, रेडी झाली, भावाचं आणि शेजाऱ्याचं बांधावरून अजून मिटलेलं नाही, एवढाच मजकूर. म्हातारीसाठी वाचत होते, पण ऐकायला सात-आठ जण गोळा झाले. वाचून झाल्यावर एकाने विचारलं, "मग बांधाचं काय ठरलं?" मामा म्हणाले, "पुढल्या कार्डात लिवतील." लोक जरा वेळ तिथेच उभे राहिले. माझ्या मंडपात सात माणसं आणायला मला तीनशे तिकिटं लागली होती.

दुपारी शाळेच्या ओट्यावर भाकरी सोडली तेव्हा मामांनी विषय काढला.

"शेठ, तुमच्या पाकिटावर नाव कुणाचं हाय?"

"कंपनीचं."

"कंपनी हितं कुणाच्या सुखादुखाला आलती का कवा?"

"खाली दुकानाचं नाव आहे की माझ्या."

"दुकानाचं नाव कोण वाचतंय. तुमाला गावात काय म्हणत्यात, ठावं हाय का?"

त्यांनी ते सांगितलं. ते नाव इथे लिहीत नाही, त्यात मिरची येते एवढंच सांगतो. मी भाकरी तशीच ठेवून उठलो.

"बसा. नाव पडलंय म्हंजी माणूस ध्यानात हाय. तुमच्या दुकानात कोण कसं भांडलं, ह्येच्यावर पारावर चार दिस गप्पा चालत्यात. तांड्यावरच्या एका माणसाला तुमी पायरी उतरायला लावलं, ती गोष्ट म्या सा जागी ऐकली. परतेकाची येगळी."

"मग?"

"मग त्येच लिवा. त्येच्या पुढचं लिवा. आन कार्डावर लिवा. पाकीट एक माणूस फोडतो, कार्ड फोडावंच लागत न्हाई."

"कार्ड? एवढ्या मोठ्या कंपनीचं बोलावणं कार्डावर?"

"बोलावणं कंपनीचं हाय का तुमचं, ते आधी ठरवा."

मी तेव्हा तोंडाने काही कबूल केलं नाही. पण घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं.

घासाघीस करणाऱ्या दुकानदाराला एक सवय लागते. गिऱ्हाईक कुठल्या शब्दावर उठून गेलं, हे तो विसरत नाही. कारण ते परत आलं की सौदा तिथूनच सुरू करावा लागतो. मला तशी साठ-सत्तर माणसं तोंडपाठ होती. दुपारी दुकानात वर्दळ नसायची, त्या वेळात मी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने एकेक कार्ड लिहिलं. तांड्यावरच्या माणसाला लिहिलं ते असं होतं:

"तुम्ही पोळ्याच्या आधी दुकानात आला होता. नळी हातात घेऊन म्हणालात, हिला उंदीर खातील. मी म्हणालो, तुमच्या रानात उंदराला दुसरं काही मिळत नसेल तर खातील, आणि तुम्हाला पायरी उतरायला सांगितलं. बोलणं माझं चुकलं, प्रश्न तुमचा बरोबर होता. तेलगावच्या रानात नळी महिनाभर पडून आहे. तिथे उंदीरही आहेत. रविवारी येऊन बघा."

दुसऱ्या एकाला लिहिलं, "तुम्ही नळी अर्ध्या भावात मागितलीत. मी तुमच्या सात पिढ्या काढल्या. आता शांत डोक्याने सांगतो, भाव तोच आहे, पण का आहे ते रानात दाखवतो." तिसऱ्याचं म्हणणं होतं, थेंबाथेंबाने उसाचा घसा ओला होत नाही. त्याला लिहिलं, येताना खुरपं आणा आणि बुडाशी उकरून ओल बघा.

कार्डं घेऊन गेलो तेव्हा मामांनी एकच विचारलं, "समदं खरं लिवलंय ना?" मी हो म्हणालो. त्यांनी शिक्के मारले.

रविवारी साडेआठलाच माणसं यायला लागली. ज्यांना कार्ड गेलं होतं ते आले, आणि ज्यांना गेलं नव्हतं ते पुढे काय होतं ते बघायला आले. काहींनी कार्ड खिशातून काढून एकमेकांना दाखवलं, कुणाला जास्त शिव्या बसल्यात म्हणून. साहेबाने पन्नासपर्यंत मोजलं आणि मग मोजणं सोडून दिलं. तांड्यावरचा माणूस सरळ माझ्यापाशी आला.

"उंदीर दावा."

साहेबाने माझी बाही ओढली. त्याने सकाळीच बघितलं होतं, नळी तीन ठिकाणी कुरतडलेली होती. "तो तुकडा बदलून घ्या आधी," तो कानात म्हणाला. मी बाही सोडवून घेतली आणि त्या माणसाला तिन्ही जागा दाखवल्या. मग एक जागा त्याच्याच हाताने कापायला लावली, मधे जोडणी बसवायला लावली आणि पाणी सोडलं. त्याने नळी खालीवर करून बघितली.

"म्हंजी खातो उंदीर."

"खातो."

"मग कार्डात खरं लिवलतं."

"तुमचंच खरं होतं. पण जोडायला किती वेळ लागला?"

"त्ये न्हाई इचारलं म्या. भाव बोला."

तिथेच, सगळ्यांसमोर, आमचं पुन्हा सुरू झालं. मला तो दिवस जन्मभर पुरेल. एजन्सी राहिली.

आता जे सांगतो ते मी अजून गिळलेलं नाही. साहेब जाताना नमुना म्हणून दोन कार्डं मागून घेऊन गेला. पुढच्या हंगामात कंपनीने औरंगाबादहून छापील कार्डं धाडली, हजारोंनी, कितीतरी तालुक्यांत. वर हाताने लिहिल्यासारखं अक्षर, मजकूर सगळ्यांना एकच: आपला सौदा अर्धवट राहिला आहे, भांडण विसरून दुकानात या. आमच्या भागातल्या कार्डांवर खाली माझ्या दुकानाचं नाव. मला कुणी विचारलं नाही. मला कळलं तेच मुळी तलवाड्याहून एक माणूस बस बदलून भांडायला आला तेव्हा.

"तुमचं तोंड मी आज पहिल्यांदा बघतोय," तो म्हणाला. "आन घरात बायको इचारती, मला न सांगता कशाचा सौदा केला?"

मी त्याला चहा पाजला. त्याच वर्षी कंपनीच्या मेळाव्यात साहेबाला शाल मिळाली, शेतकऱ्यांशी संपर्काच्या नव्या कल्पनेबद्दल. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. टाळ्या वाजवल्या नाहीत.

तलवाड्याचा माणूस गेल्याबरोबर मी पोस्टात धावलो होतो. मामांपुढे छापील कार्डांचा गठ्ठा पडलेला.

"मामा, हे वाटू नका. चुलीत घाला."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी एक पाऊल मागे आलो. "ज्येच्यावर पत्ता हाय त्येचं हाय हे. तुमचं न्हाई, माझं न्हाई."

त्यांनी ती सगळी वाटली. तीन गावं आणि तांडा, एक कार्ड कमी नाही. मला वाटलं, आता आपलं नाव गेलं, आणि नावामागे एजन्सी. लोक माझं खरं कार्डही आता बाजूला टाकतील. मी रोज वाट बघत होतो. तलवाड्याकडून आणखी दोघं आले, कुठून कुठून आले, पण मामांच्या गावांतून भांडायला कुणी आलं नाही. आली ती नेहमीची माणसं, नेहमीच्या घासाघिशीला.

तांड्यावरच्या माणसाने मला कारण सांगितलं. छापील कार्ड आलं की लोक दारात मामांना विचारायचे, "हे मिरचीनं लिवलंय का?" आणि मामा म्हणायचे, "न्हाई." पुढे एक शब्द नाही. कुणाचं आहे, का आहे, चांगलं की वाईट, काही नाही. पाणी पिऊन पुढच्या घरी.

इतर दुकानदारांकडे त्या हंगामात माल पडून राहिला. साहेब पुन्हा एकदा गाडीतून आला तेव्हा त्याला माझ्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती, आणि करार नव्याने झाला.

मी पोस्टात गेलो. मामांची दोन एकर जमीन होती हे मला माहीत होतं. म्हणालो, तुमच्या रानाला पुरेल एवढी नळी मी उद्या टाकून देतो, तुमच्यामुळे माझी एजन्सी वाचली.

"म्या कशाला वाचवू? त्यांनी इचारलं, म्या सांगितलं."

"तरी पण घ्या."

"आन उद्या कुणी इचारलं, मामा, ही नळी कुठून आली, तर?"

त्यांनी नव्या गठ्ठ्याची सुतळी सोडायला घेतली. माझ्यामागे दोन माणसं तिकिटासाठी उभी होती, मी बाजूला झालो.