साठ रुपयांचं कार्ड

लग्नावरून झालेल्या भांडणानंतर स्वप्निलनं आईचा, नंदाबाईचा, नंबर ब्लॉक केला, त्याला पाच वर्षं झाली. त्याच्या दर वाढदिवसाला ती कामठ्याहून गोंदियाला जाऊन साठ रुपयांचं कार्ड आणायची, शुभ म्हणून चारही कोपऱ्यांना हळद लावायची आणि पोस्टात टाकायची. दुकानदार म्हणायचा, "काकी, क्यूं पैसे बर्बाद करते हो?" स्वप्निलकडून उत्तराचं मात्र नाव नाही.

यंदा तिनं हळदीची डबी काढलीच नाही. चिठ्ठीचा कोपरा फाडलेला असला की घरात मयत झाली, हे स्वप्निलला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं कार्डाचा कोपरा टरकन फाडला.

नवरा बकाराम हबकला. "काय करून राहिली? घरी कोण मेलं?"

"त्याले येऊन पाहू दे," ती म्हणाली. "यंदाचे साठ रुपये फुकट नाही जात."