रशियनचा काय उपयोग?

आमच्या बॉथेलच्या ग्रुपमध्ये शनिवारी सकाळी कोणाकडे तरी पोहे असतात आणि कोणीतरी मला म्हणतंच, "अमोल, आईंचा एखादा सांग ना यार!" एक सांगितला की त्याला धरून दुसरा येतो आणि पोहे गार होतात. आई जाऊन वर्ष होत आलं, पण किस्से काही संपत नाहीत. त्या सगळ्यांत एक गोष्ट कॉमन आहे. आई हुशार आणि मी बावळट!

* * *

आईने पुण्यात कॉलेजमध्ये जन्मभर रशियन शिकवलं. मी लहान असताना ती रोज मागे लागायची, "एक वाक्य शिक रे, फक्त एक." मी छाती फुगवून म्हणायचो, "मी अमेरिकेला जाणार. तिथे रशियनचा काय उपयोग?"

गेलो अमेरिकेला. घेतलं घर बॉथेलमध्ये. डावीकडे रशियन, समोर रशियन, मुलीची डेंटिस्टसुद्धा रशियन! आठ वर्षं मी या सगळ्यांना नुसता हात हलवून 'हाय' करत होतो. बाबा गेल्यावर आई कायमची राहायला आली आणि आठवड्याभरात समोरच्यांच्या व्याह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे ते मला सांगायला लागली.

* * *

एकदा किचनचा नळ गेला. प्लंबर आला, तो पण रशियन. मला म्हणाला, "पार्ट यायला तीन आठवडे." मी 'ओके, थँक यू' म्हणून मोकळा झालो. तेवढ्यात आई बाहेर आली आणि दोघं दहा मिनिटं बोलले. संध्याकाळी तो पठ्ठ्या पार्ट घेऊन हजर! नळ बसवून वर दोन थालीपीठं खाऊन गेला.

"आई, दम दिलास की काय त्याला?"

"छे रे. त्याच्या आईची चौकशी केली फक्त."

* * *

आता हा किस्सा सांगताना मला अजूनही लाज वाटते. आईला वर्षभरासाठी मॉस्कोला शिकायला जायचं बोलावणं आलं होतं. आयुष्यभर तिने त्याचीच वाट बघितली होती. पण मी बारावीत होतो. बाबा म्हणाले, "जा तू, मी बघतो याच्याकडे." मावशी म्हणाली, "मी येऊन राहते."

आईने सरळ नकार कळवला. म्हणाली, "मॉस्को कुठे पळून जातंय? बारावी एकदाच असते."

मी ती दोनदा दिली.

एका शब्दाने बोलली नाही हो कधी! दुसऱ्या वर्षी पण पहाटे उठून माझ्यासाठी कॉफी करत होती. मॉस्कोचं बोलावणं पुन्हा काही आलं नाही.

* * *

शेजारच्या गालिनाआजी ही आईची जिवलग मैत्रीण. ऐंशीच्या घरातल्या, पियानो शिकवून रिटायर झालेल्या आणि रीतिरिवाजांच्या बाबतीत एकदम कडक. एकदा मी त्यांच्या दारात उभा राहून उंबऱ्यावरूनच हात पुढे केला, तर त्यांनी शर्टाला धरून मला आत ओढलं! मागून आई खुसखुसत होती.

"उंबऱ्यावरून हात मिळवत नाहीत रे, भांडणं होतात म्हणे," आई म्हणाली. "यांचं सोवळं फार कडक. मी तर शिंकतेसुद्धा विचारून!"

* * *

दर मदर्स डेला मी आईसाठी डझनभर गुलाब आणायचो. आई खूश व्हायची आणि त्यातला एक काढून माझ्या बायकोला, ऋचाला द्यायची. मी ग्रुपमध्ये सांगत सुटलो, "बघा, सुनेवर किती जीव आहे!"

तीन-चार वर्षांनी ऋचालाच दया आली. "अरे, रशियन लोक जिवंत माणसाला विषम फुलं देतात. सम फुलं फक्त गेलेल्याला! तू दरवर्षी त्यांना श्रद्धांजली वाहतोयस."

मी धावत आईकडे. "आधी सांगायचं नाहीस का?"

"आपण नाही का पाकिटात एकशे एक घालत? तसंच आहे ते," आई शांतपणे म्हणाली. "आणि तू एवढ्या हौसेने आणतोस. एक काढलं की झालं."

* * *

आई गेली तेव्हा मी ठरवलं, आता तरी आपल्या हातून चूक होता कामा नये. तिच्या आठवणींसाठी सगळे घरी जमणार होते, तिचे रशियन मित्रमैत्रिणीसुद्धा. जन्मभर तिचं एक वाक्य शिकलो नाही, निदान एवढं तरी नीट करू. ग्रुपवर मेसेज टाकला, "फुलं सम संख्येतच आणा, प्लीज." दारात उभा राहून एखाद्या वॉचमनसारखा प्रत्येकाची फुलं मोजत होतो. ग्रुपमधला मंदार पाच ट्यूलिप घेऊन आला, त्यातलं एक मी बाहेरच काढून घेतलं. तो म्हणाला, "आईंचा मुलगा शोभतोस खरा!" मला बरं वाटलं.

सगळ्यांत शेवटी गालिनाआजी आल्या. काळा ड्रेस, हातात पांढरी फुलं. उंबऱ्याच्या आत आल्या आणि मगच माझा हात धरला. मी नजरेनेच फुलं मोजली. अकरा.

बाईंचं वय झालंय, त्यात दुःख, चुकल्या असतील मोजायला. पण आईच्या फोटोसमोर असं कसं ठेवू द्यायचं? मंदारचं काढलेलं ट्यूलिप होतंच. ते हळूच त्यांच्यापुढे धरलं आणि कुजबुजलो, "गालिनाआजी, एक कमी आहे. अकराच आहेत."

त्यांनी ट्यूलिप माझ्या हातातून घेतलं आणि शेजारी उभ्या असलेल्या ऋचाला दिलं. मग आईच्या फोटोपुढे आपली फुलं ठेवली, एकेक नीट सरळ केलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला म्हणाल्या,

"अमोल, मला मोजता येतं."