अण्णांचा लॅपटॉप: थोरला की धाकटा?

छापखान्यात कात्रणं आणि किस्से कधीच संपत नाहीत. संध्याकाळी कटिंग मशीनखालची कात्रणं झाडून पोत्यात भरावीत, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा तेवढीच! किस्स्यांचंही तसंच. चहाबरोबर एक सांगायला घ्यावा, तर तो संपायच्या आत समोर दुसरा घडतो. मागं एका लॅपटॉपच्या खरेदीवरून आमच्याकडं इतके किस्से साठले, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता जागाच नाही.

आमचा छापखाना भवानी पेठेत. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स, सगळं करतो. मालक सिद्धराम अण्णा. कन्नड पत्रिका अण्णा तपासतात, तेलुगू बालराज, उर्दू यास्मिन आणि मराठी मी. म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात. मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही, पण नाव पडलं ते पडलं.

अण्णा अलीकडं विसरायला लागले होते. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, स्पष्ट सांगितलं होतं, की हे हळूहळू वाढत जाणार. पण त्यांना रोजच्या कामावर जाऊ द्या, जितके दिवस जातील तितकं चांगलं. अण्णांनी मात्र आम्हाला आधीच बजावून ठेवलं होतं, "ज्या दिवशी माझं कपाट मला उघडता येईना, त्या दिवशी मी घरी बसणार. उगं लोकांना त्रास न्हाय द्यायचा."

अण्णांचं कपाट म्हणजे त्यांचा लॅपटॉप. सगळ्या ऑर्डरी, सगळे नमुने त्यात. आणि त्याचा पासवर्ड त्यांना आठवत नव्हता!

*

पासवर्ड अडला, की केबिनमधून हाक यायची, "यास्मिन, माझं कुलूप काय गं?"

यास्मिन आमची डिझायनर. ती आपल्या स्क्रीनवरची नजर न काढता मोठ्यानं पासवर्ड सांगायची. गुप्तता वगैरे आमच्याकडं नाही. छापखाना रस्त्याला लागून आणि दार दिवसभर उघडं.

एकदा यास्मिन रजेवर होती. अण्णांनी हाक मारली. मी आणि बालराज एकमेकांच्या तोंडाकडं बघतोय. ऐन वेळी आम्हालाही आठवेना! तेवढ्यात दारासमोरून भाजीवाला हातगाडीवरून ओरडला, "अण्णा, छापखान्याचंच नाव! पयलं अक्षर मोठं घ्या, आन् शेवटी एक दोन तीन!"

लॅपटॉप उघडला. अण्णांनी त्याच्याकडून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या.

*

त्याच सुमारास अण्णांनी एके दिवशी यास्मिनला हाक मारली, "शांता, ती हळदीची पत्रिका आण जरा."

शांता म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. ती जाऊन बरीच वर्षं झाली. मी चपापलो. बालराजनं मशीन बंद केलं. यास्मिन मात्र सरळ उठली, "आणते की अण्णा," म्हणाली आणि पत्रिका नेऊन दिली.

बाहेर आल्यावर मी हळूच म्हटलं, "अगं, सांगायचं तरी नाव."

"कशाला?" ती म्हणाली. "घरात मला चार नावं आहेत. हे पाचवं."

मला त्या दिवशी तिचं फार कौतुक वाटलं. तिला सांगितलं नाही, कारण मग ती दिवसभर चेष्टा करते.

*

मग तो लॅपटॉपच म्हातारा झाला. चार्जरची पिन जरा हलली, की बंद! नवा घेणं आलंच. त्याच सिरीजचा घ्यायचा, हे ठरलेलं होतं. अण्णांच्या बोटांना त्याच कीबोर्डची सवय, आणि आता नवी सवय लावणं अवघड. पण त्यातला कुठला? मागच्या वर्षीचं मॉडेल दुकानात अजून मिळत होतं, आणि यंदाचं नुकतंच आलं होतं. आम्ही त्यांना थोरला आणि धाकटा अशी नावं ठेवली आणि भांडायला बसलो.

बालराजनं मोबाइलवर भरपूर व्हिडिओ बघून निकाल दिला, "प्रोसेसरचा आकडा बदललाय, बास. चादर तीच, नुसता काठ नवा. थोरलाच घ्या." बालराज विणकराच्या घरातला, चादरीचा दाखला दिल्याशिवाय त्याचं बोलणं संपत नाही.

"आणि स्क्रीन?" यास्मिन म्हणाली. "धाकट्याचे रंग किती साफ आहेत, ते बघ ना!"

माझं मत कुणी विचारलं नाही. मी थोरल्याच्या बाजूनं होतो. मला तसंही जगातली कुठलीच नवी वस्तू गरजेची वाटत नाही.

शेवटी अण्णा म्हणाले, "दोन्ही समोरासमोर बघू की!" आणि आम्ही छापखाना बंद करून सगळे नव्या पेठेतल्या लॅपटॉपच्या दुकानात गेलो.

तिथला विक्रेता तरुण मुलगा होता. त्यानं दोन्ही लॅपटॉप मांडले आणि सुरू झाला, "काका, रॅम बघा, गेमिंगला तर एक नंबर!" अण्णांनी शांतपणे खिशातून आपल्याच छापखान्यातली एक हळदी रंगाची लग्नपत्रिका काढली, तिचं चित्र दोन्ही स्क्रीनवर लावायला सांगितलं आणि कागद शेजारी धरला. "हळद हळदीसारखी दिसाय पायजे. बाकी तुमचं तुमी बघा."

मुलगा बिचारा गोंधळला. अण्णांनी त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमचं लगीन झालं का?"

"ठरलंय काका," तो लाजला.

"पत्रिका कुटं टाकली?"

लॅपटॉप घ्यायला गेलेली माणसं पत्रिकांची ऑर्डर घेऊन परत आली! लॅपटॉप तिथंच राहिला.

*

बालराज हटला नाही. त्याच्या चुलतभावानं धाकटा घेतला होता, त्यालाच तो लॅपटॉपसकट छापखान्यात घेऊन आला. यास्मिनचा स्वतःचा लॅपटॉप थोरलाच होता. दोन्ही शेजारी ठेवून शर्यत लावायची ठरली. फाइल निवडली ती एका दादांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची. खाली शुभेच्छुकांचे इतके चेहरे, की फाइल उघडेपर्यंत दादा आणखी एक वर्षानं मोठे व्हावेत!

एक, दोन, तीन म्हणून दोघांनी क्लिक केलं. धाकटा जिंकला. पण मी चहाचा कप ओठाला लावेपर्यंत थोरलाही पोचला होता.

अण्णा म्हणाले, "एवढ्या घाईनं करायचं काय? वाढदिवस तर परवा हाय की!"

सगळे हसले. थोरला घ्यायचा, हे नक्की झालं. अण्णा केबिनमध्ये गेले.

गप्पांत तो धाकटा झोपून गेला होता. बालराजनं बटण दाबलं, तर पासवर्ड मागायला लागला. चुलतभाऊ नुसता पुढं वाकला आणि लॅपटॉप उघडला. ना बोट लावलं, ना काही.

"हे कसं काय?" यास्मिननं विचारलं.

"तोंड बघून उघडतंय. नवीन कॅमेरा हाय. थोरल्यात न्हाय हे."

आम्ही तिघांनीही एकदमच केबिनकडं बघितलं.

*

दुसऱ्या दिवशी बालराज अण्णांसमोर उभा राहिला. "अण्णा, काय हाय, प्रोसेसर लई भारी हाय धाकट्याचा."

"काल म्हणालास, नुसता काठ नवा."

"काठालाच खरी किंमत असती, अण्णा!"

मग मी पुढं झालो आणि म्हणालो, की रंगही फार साफ आहेत. मला रंगातलं ओ की ठो कळत नाही, हे अण्णांना गेली कित्येक वर्षं ठाऊक आहे. यास्मिननं कपाळावर हात मारला.

अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काल केबिनमदनं ऐकलंय मी. कुलूप लागत न्हाय त्याला, म्हणून म्हणताय न्हवं?"

यास्मिननं हळूच मान डोलावली.

"मग सरळ बोला की! मी विसरतो. मला समजत न्हाय असं कुटं म्हटलंय डॉक्टरनं?"

आणि तेच आधी हसले. मग आम्हालाही हसता आलं. यास्मिन हसता हसता डोळे पुसत होती, आणि मीही, उगाच लपवत नाही.

*

धाकटा आला. आमच्याकडं कुठलंही नवं यंत्र पूजेशिवाय सुरू होत नाही. कटिंग मशीनची झाली, प्रिंटरची झाली, मग याची का नको? अण्णांनी झाकण उघडून हार घातला, नारळ फोडला आणि स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर प्रेमानं विभूतीची तीन बोटं ओढली.

यास्मिन चेहरा नोंदवायला बसली. अण्णा समोर. लॅपटॉपला काही केल्या अण्णा दिसेनात! उजेड वाढवला, खुर्ची पुढं घेतली, चष्मा काढला, घातला. बालराज दुकानदाराला फोन लावून भांडायच्या तयारीत. तेवढ्यात यास्मिन जवळ वाकली आणि ओरडली, "अहो अण्णा, त्याच्या डोळ्यातच विभूती गेलीय!"

बरोबर कॅमेऱ्यावर बोट फिरलं होतं. तिनं ओढणीनं पुसलं, आणि अण्णांचा चेहरा एका दमात नोंदला गेला.

अण्णांनी झाकण मिटलं. उघडलं. लॅपटॉप त्यांच्याकडं बघून उघडला.

"वळखलं की मला!" अण्णा म्हणाले. तो अख्खा दिवस त्यांनी दुसरं काम केलं नाही. येईल त्या गिऱ्हाइकाला बसवून दाखवायचे, "बघा हं, मला वळखतंय!" भाजीवाल्यालाही आत बोलावून दाखवलं. तो जरा हिरमुसला. "मंजी आता माझी गरज न्हाय," म्हणाला.

*

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी अण्णांना सोडायला वहिनी आल्या. महादेवी वहिनी सणावाराशिवाय छापखान्याची पायरी चढत नाहीत. डोळे सुजलेले होते. आम्ही उभे राहिलो.

अण्णाच बोलले, नेहमीच्या आवाजात. "सकाळी हिनं चहा आणून दिला. मी हिला इचारलं, कोण पायजे तुमाला?"

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

अण्णांनी लॅपटॉप उघडला, उठले आणि वहिनींना हात धरून आपल्या खुर्चीवर बसवलं. "यास्मिन, हिचं तोंडबी घाल ह्यात."

"अहो, मला काय करायचंय ते?" वहिनी म्हणाल्या. "मला कुठं चालवता येतंय!"

"चालवू नगंस. ऱ्हाऊ दे. परत मी चुकलो, तर ह्यानं तरी तुला वळखाय पायजे."

वहिनींनी पदर सारखा केला, कुंकू चाचपलं आणि फोटोला बसावं तशा ताठ बसल्या. यास्मिननं बटण दाबलं. काही होईना. पुन्हा दाबलं. वहिनींची मान वळलेली होती, शेजारी उभ्या असलेल्या अण्णांकडं.

"वहिनी, कॅमेऱ्याकडं बघा ना," यास्मिन हळूच म्हणाली. "नाहीतर तो घेणार नाही."

"ह्यांच्याकडं बघतानाचाच घे गं," वहिनी म्हणाल्या. "रोजचा चेहरा तोच असतोय माझा."